पहिला कॅमेरा, पहिली लेन्स आणि गणपती तोंडावर: सल्ला हवाय

वेलदोडा
मंडळी, नमस्कार. बरेच दिवस इथे वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

कर्वेनगरला राहते. आतापर्यंत सगळी फोटोगिरी फोनवरच. फोनवर राग नाही, पण काही ठिकाणी तो हात टेकतो. मागच्या मिरवणुकीत लक्ष्मी रोडला ढोल वाजवणाऱ्या एका मुलीचे फोटो काढले, तर चेहरा बरा आणि हातांच्या जागी नुसता धूर. पक्षी बघायला नदीकाठी कवडीपाटला गेलो तर ते मुंगीएवढे. त्यात डिसेंबरात भाचीचं अरंगेत्रम (भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम) आहे भरत नाट्य मंदिरात, आणि ताईने परस्पर जाहीर करून टाकलंय की फोटो मावशीच काढणार.

बजेट साठ हजार. त्यात बॉडी, लेन्स, कार्ड, पिशवी सगळं आलं. दुकानात गेले तर "मॅडम, डबल झूम कॉम्बो घ्या, बॅग आणि ट्रायपॉड फ्री" एवढं एकच पालुपद. डीएसएलआर (आरशाचा) घ्यावा का मिररलेस (बिनआरशाचा)? कॉम्बो, म्हणजे बॉडीसोबत दोन झूम लेन्स, घ्यावा का? एडिटिंग शिकायलाच लागतं का? आणि क्लास लावू का?

चौथा_मजला
आधी फोन कोणता ते सांगा. निम्मे लोक फोनच्या काचेवरचं तेल न पुसता कॅमेरा घ्यायला निघतात.

वेलदोडा
काच पुसलेली आहे :) दोन वर्षं जुना, मधल्या किमतीचा अँड्रॉइड.

जुना_रोल
वेलदोडाताई, तुमचा प्रश्न इतरांपेक्षा बरा आहे, कारण काय जमत नाही ते तुम्हाला नेमकं माहीत आहे. बहुतेक जण "चांगले फोटो यावेत म्हणून कॅमेरा हवा" एवढ्यावरच थांबतात आणि मग पाच-सहा महिन्यांनी तो कपाटात जातो.

तुमच्या तक्रारी तीन, आणि तिन्हींचा इलाज वेगळा. ढोलवालीचे हात फिस्कटले, कारण संध्याकाळच्या उजेडात फोनने शटर जास्त वेळ उघडं ठेवलं. तिथे शटरचा वेग हातात हवा. पक्षी बारीक आले, तिथे लांब लेन्स हवी. नाट्यगृहात अंधार असतो, तिथे मोठ्या अपर्चरची, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक मोठं असलेली लेन्स हवी. या तिन्हींत बॉडीचा वाटा लेन्सपेक्षा कमी आहे. दुकानदार बॉडीचे मेगापिक्सेल सांगतो, कारण ते खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले असतात.

मेगापिक्सेलचं म्हणाल तर १२ बाय १८ इंचाची, भिंतीवर लावण्याजोगी प्रिंट ३०० डीपीआयने काढायला साधारण १९-२० मेगापिक्सेल पुरतात. ८ बाय १२ ला नऊसुद्धा लागत नाहीत. आजचा कुठलाही कॅमेरा यात पास आहे. तो विषय सोडून द्या.

कॅमेरा येईपर्यंत एक करा. फोनमध्ये प्रो मोड असेल. तो लावून सकाळी सातच्या सुमाराला मंडईत जा. जुन्या इमारतीच्या आत ऊन तिरकं येतं, बाहेर एकदम लख्ख, दोन पावलं आत गेलं की काळोख. तिथे शटर, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती दाद देतो ते) आणि एक्स्पोजर (फोटोतला एकूण उजेड) बदलून काय होतं ते बघा. फोनचं अपर्चर बहुधा बदलत नाही, पण बाकीचं गणित तेच असतं. आणि हो, आधी भाजी घ्या, मग फोटो विचारा. मेथीची जुडी पिशवीत पडली की मावशी स्वतःच पदर सारखा करून बसतात.

क्लासचे पैसे वाचवा. त्याऐवजी बालगंधर्व कलादालनात फोटोंचं प्रदर्शन लागलं की जाऊन प्रिंटसमोर पाच मिनिटं उभं राहा. उजेड कुठल्या बाजूने आलाय, फोटोग्राफर कुठे उभा असेल, एवढंच शोधायचं. माझी सुरुवात यशिका एमएफ-२ वर झाली. ३६ चा रोल, जपून भरला तर सदतिसावा निघायचा. त्यामुळे बटण दाबायच्या आधी बघायची सवय लागली. तुमच्या कार्डात हजार बसतील, म्हणून ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागेल.

दोनशेपन्नास
रोलकाकांना अनुमोदन, पण बॉडीचं उत्तर द्यायलाच हवं, ताईंनी विचारलंय.

कॅनन आणि निकॉनने २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. पुढचं सगळं मिररलेसमध्ये आहे. मिररलेसचे दोन फायदे नवख्याला खरोखर जाणवतात. फोटो उजळ येणार का काळा, हे बटण दाबायच्या आधीच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं. आणि डोळा ओळखून फोकस तिथे धरून ठेवणं. तोटा म्हणजे बॅटरी लवकर उतरते, दुसरी बॅटरी घ्यावीच लागते.

पण साठ हजारांत नवा मिररलेस घेतलात तर बॉडी आणि किट लेन्सवरच बजेट संपतं. मग तुमच्या तीन तक्रारींपैकी एकही धड मिटत नाही. ढोलाचे हात येतील कदाचित. पक्षी आणि रंगमंच जिथल्या तिथे.

म्हणून माझं मत: वापरलेला पण नीट तपासलेला डीएसएलआर, त्यावर १८-५५ किट (कॅमेऱ्यासोबत येणारी साधी झूम लेन्स), ५० एमएम एफ १.८ (एफचा आकडा लहान म्हणजे अपर्चर मोठं), आणि उरलेल्या पैशात ५५-२५० किंवा ७०-३०० (एमएमचा आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). कॅननमध्ये २००डी, २००डी मार्क २, ८००डी. निकॉनमध्ये डी५६०० किंवा डी७२००. हे कॅमेरे अजून दहा वर्षं तुमच्यापेक्षा मागे पडणार नाहीत.

निकॉनला जाणार असाल तर एक मोठी गोम आहे. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी ५० एफ १.८ डी लेन्स स्वस्त मिळते म्हणून लोक उचलतात आणि घरी येऊन कळतं की ऑटोफोकसच होत नाही. त्या बॉडींना एएफ-एस किंवा एएफ-पी, म्हणजे मोटर लेन्समध्येच असलेल्या लेन्स हव्यात. त्यातही एएफ-पी लेन्स डी३२०० सारख्या जुन्या बॉडीवर फोकस करत नाहीत. डी७२०० मध्ये मोटर आहे, तिथे जुन्या डी लेन्सही चालतात.

चौथा_मजला
म्हणजे बंद पडलेल्या गाडीत लोकांना बसवताय. दोन वर्षांनी हीच ताई "मिररलेसला जायचंय, लेन्स विकायच्यात" असा धागा काढेल.

दोनशेपन्नास
विकायची गरज नाही पडणार. कॅननच्या ईएफ लेन्स आर मालिकेच्या बॉडीवर अ‍ॅडॅप्टर लावून ऑटोफोकससकट चालतात. निकॉनच्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवर चालतात. जुन्या डी लेन्स मात्र तिथे हातानेच फोकस कराव्या लागतात, कारण मोटर अ‍ॅडॅप्टरमध्येही नाही. लेन्सवरचा पैसा बुडत नाही, बॉडीवरचा बुडतो. बजेट लाखाच्या घरात असतं तर मीही मिररलेसच म्हणालो असतो.

आणि कॉम्बोबद्दल: इथे "किट लेन्स म्हणजे कचरा" म्हणायची फॅशन आहे. मी त्यातला नाही. एफ ८ ला, भर उन्हात, १८-५५ चा फोटो महागड्या लेन्सच्या फोटोशेजारी ठेवला तर फोनच्या स्क्रीनवर ओळखणारा मी अजून पाहिलेला नाही. फुकटचा ट्रायपॉड मात्र दुकानातच ठेवून या. पंख्याच्या वाऱ्याला हलतो.

वेलदोडा
बाप रे, मोटर वगैरे माहीतच नव्हतं. ५० एमएम एफ १.८ सगळेच सांगतात, पण झूम होत नाही ना तिला? मग १८-५५ मध्ये ५० येतच असताना ती कशाला? आणि आयएसओ वाढवला की फोटो खराब होतो ना?

दोनशेपन्नास
चांगला प्रश्न. १८-५५ ला ५५ वर नेलं की तिचं सर्वांत मोठं अपर्चर एफ ५.६. आणि ५० ची एफ १.८. आकडे जवळचे वाटतात, पण उजेड वर्गात मोजायचा. ५.६ ला १.८ ने भागा, येतात ३.१, त्याचा वर्ग जवळजवळ दहा. म्हणजे दहापट उजेड आत येतो. ज्या अंधारात किट लेन्सला आयएसओ ६४०० लागतो, तिथे या लेन्सचं ६४० मध्ये काम होतं, शटर तेवढंच ठेवून. अरंगेत्रमचं उत्तर हेच आहे. नवी घेतली तरी बाकीच्या लेन्सच्या मानाने स्वस्त पडते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. तुमच्या बजेटमधल्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, एपीएस-सी. त्यावर ५० ची चौकट फुल फ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरवरच्या) ७५ ते ८० एमएम इतकी अरुंद होते. निकॉनला दीडने गुणायचं, कॅननला १.६ ने. त्यामुळे सदाशिव पेठेतल्या घरात, चार माणसं सोफ्यावर बसलेली असताना, ५० लावून मागे सरकत गेलात तर स्वयंपाकघरात पोचाल. घरातल्या फोटोंना किटचं १८ चं टोक किंवा ३५ एमएम.

दुसरी, एफ १.८ वर फोकसचा पट्टा फार पातळ असतो. जवळून चेहरा काढलात तर एक डोळा स्वच्छ आणि दुसरा मऊ. दोन माणसं मागेपुढे असतील तर एफ ४ तरी ठेवा.

आयएसओला घाबरू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. दाणे एडिटिंगमध्ये बऱ्यापैकी जातात, हललेला हात कुठलंही सॉफ्टवेअर धड जोडून देत नाही. सुरुवातीला पूर्ण मॅन्युअलच्या नादी लागू नका. अपर्चर प्रायॉरिटी (अपर्चर तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), ऑटो आयएसओ, कमाल मर्यादा ६४००, आणि बॉडीत सोय असेल तर शटर किमान १/२५० सेकंद. एवढं एकदा मेन्यूत लावून ठेवा आणि माणसांकडे बघा.

खंड्या
पक्ष्यांचा विषय निघाला म्हणून आलो.

५५-२५० ही कॅननवर ४०० एमएमसारखी वागते. कवडीपाटला बंधाऱ्याजवळच्या पक्ष्यांना पुरते. शेकाट्या, बगळे, धोबी, थंडीत चक्रवाक. उजनी धरणाकाठच्या भिगवणला रोहित आणि चित्रबलाक तर एवढे मोठे असतात की होडीतून ही लेन्स कधीकधी जास्तच जवळ नेते. झाडावरच्या चिमुकल्या पक्ष्यांना मात्र कमी पडेल. तिथे १५०-६०० लागते, तुमचं आख्खं बजेट तीच खाऊन टाकेल. आधी एका शनिवार-रविवारपुरती भाड्याने आणून बघा. दीड-दोन किलोची ती लेन्स दुपारपर्यंत हातात धरवते का, हे कळायला तेवढं पुरतं.

सेटिंग: बसलेल्या पक्ष्याला १/५००, उडणाऱ्याला १/२०००. फोकस कंटिन्युअसवर, कॅननमध्ये त्याला एआय सर्व्हो म्हणतात, निकॉनमध्ये एएफ-सी. एकच फोकस पॉइंट, तो डोळ्यावर. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमीजास्त करायचं) बटण आधी शोधून ठेवा. काळपट पाण्यावर पांढरा बगळा असेल तर कॅमेरा पाणी बघून फोटो उजळवतो आणि बगळ्याच्या पिसांचा पांढरा डाग होतो. उणे एक करा, पिसं दिसायला लागतील.

कवडीला वाकून, पाण्याच्या पातळीला कॅमेरा आणून काढलेला साधा शेकाट्याही वेगळाच दिसतो. उभ्याने काढलेला प्रत्येक फोटो चिखलात सपाट पडल्यासारखा येतो. जुने कपडे घालून जा, नदीचा वास आणि फेस दोन्हींची तयारी ठेवा.

एक विनंती, ती सगळ्यांनाच. भिगवणला होडीवाल्यांना "थवा उडवा ना" म्हणू नका. रोहित तिथे खायला येतात, दिवसातून दहा होड्यांनी दहा वेळा उडवले तर खाणार कधी? नावाडी चार पैशांसाठी ऐकतो, म्हणून मागणाऱ्यानेच मागू नये. फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं आणि घरट्याजवळ जाणं हेही त्यातलंच.

पहिलं_टिपरू
खंड्याभाऊ, दंडवत. आता मिरवणुकीचं माझ्याकडून. पथकात वाजवतो आणि न वाजवण्याच्या वर्षी फोटो काढतो, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत.

गुलाल आणि भंडारा हा पहिला शत्रू. बारीक भुकटी झूमच्या रिंगमधून आत जाते. रस्त्यात लेन्स अजिबात बदलायची नाही. निघताना एकच लावायची, मी १८-५५ नेतो. कॅमेऱ्याला साधी प्लॅस्टिकची पिशवी, लेन्सच्या तोंडाला भोक पाडून रबर बँडने बांधायची. भुकटी बसली की आधी ब्लोअरने उडवा. रुमालाने पुसलंत तर काचेवर घासली जाते.

ढोलाचा हात: टिपरू (ढोल वाजवायची काठी) हवेत गोठवायचं असेल तर १/५००. पण मला स्वतःला १/६० आवडतं. चेहरा थांबलेला आणि हात वाहिलेला. तुमचा मागच्या वर्षीचा "धूर" खरं तर अर्धा जमलेला फोटो होता. वादक एका ठोक्यावर डोकं स्थिर ठेवतो, तो क्षण ऐकून पकडायचा. दोन-तीन आवर्तनं नुसती ऐका, ताल पाठ होतो, मग बोट आपोआप वेळेवर पडतं.

लायटिंगचं भान ठेवा. रोषणाईचे आणि स्क्रीनचे एलईडी दर सेकंदाला बऱ्याचदा लुकलुकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. १/५०० ला एक फोटो उजळ, पुढचा काळपट, कधी आडवे पट्टे येतात. १/१०० किंवा १/५० ला बरंचसं सुटतं. काही बॉडीत अँटी-फ्लिकर असतं, ते चालू करा.

सगळ्यात महत्त्वाचं: लेझरच्या झोताकडे कॅमेरा धरू नका. झोत थेट सेन्सरवर पडला तर पिक्सेल जळतात, प्रत्येक फोटोत कायमचा ठिपका किंवा रेघ. फोनच्या कॅमेऱ्यालाही हाच धोका आहे.

जागा: मानाचे पाच गणपती बघायचे तर सकाळपासून लक्ष्मी रोड, आणि कोणाच्या तरी पहिल्या मजल्याच्या गॅलरीशी आधी ओळख काढून ठेवा. अलका चौकात संध्याकाळनंतर उभं राहिलात तर फोटो आकाशाचेच मिळतील. दोरीच्या आत घुसू नका. पथकाच्या ताईदादांनी बाजूला व्हा म्हटलं की व्हायचं, त्यांच्यामागे पन्नास ढोल येत असतात.

चौथा_मजला
वेलदोडा, दुकान कुठलंही असो, पक्कं जीएसटी बिल आणि भारतातली वॉरंटी बघा. मला एका ठिकाणी "इंपोर्टेड आहे, तोच माल" म्हणून दोन हजार कमी करून दिला. शटर अडकलं तेव्हा सर्व्हिस सेंटरने सिरीयल नंबर बघितला आणि हात वर केले. दुकानदाराने आधी ओळखच दाखवली नाही.

वेलदोडा
वापरलेला घ्यायचा तर तपासायचं काय? मला तर बाहेरून सगळेच चकचकीत दिसतात.

दोनशेपन्नास
बाहेरून चकचकीत हीच कधीकधी शंकेची जागा असते :)

दिवसा उजेडी भेटा. लेन्स काढून, अपर्चर उघडं ठेवून, मागून फोनचा टॉर्च मारून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा फांद्या दिसल्या तर बुरशी. तिथेच नमस्कार करून निघायचं, कितीही स्वस्त असो. धुळीचे दोन-चार कण असले तर चालतील, त्याने फोटोत काही दिसत नाही.

मग एफ १६ ठेवून मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि झूम करून बघा. काळे डाग म्हणजे सेन्सरवर धूळ, ती साफ होते. लेन्सला टोपी लावून दहा सेकंदांचं एक्स्पोजर द्या, रंगीत ठिपके किती चमकतात ते कळेल. लेन्स लावून हलवून बघा, माउंट खिळखिळं नको. बॅटरी फुगलेली नको. स्वतःचं कार्ड घेऊन जा आणि फोटो घरी मोठ्या स्क्रीनवर बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

शटर किती वेळा पडलंय ते निकॉनच्या फाइलमध्ये नोंदलेलं असतं, साध्या एक्झिफ (फोटोच्या फाइलमधली माहिती) वाचणाऱ्या साइटवर दिसतं. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत फाइलमध्ये नसतं, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. या वर्गातल्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण एक लाखापर्यंत धरतात. पंधरा-वीस हजार पडलेला असेल तर निश्चिंत घ्या.

रंगपीठ
अरंगेत्रमसाठी थोडं. मुलगी नाचते, त्यामुळे हॉलमध्ये कायम मागे उभी असते मी.

फ्लॅश बंद. नर्तिकेच्या डोळ्यावर येतो आणि रंगमंचाचा उजेड मारून टाकतो. मीटरिंग (कॅमेरा उजेड कुठून मोजतो ते) स्पॉटवर, चेहऱ्यावर. मागचा पडदा काळा असतो, साध्या मीटरिंगमध्ये कॅमेरा त्याला उजळवायला जातो आणि चेहरा पांढराफटक होतो. शटर १/२५०, नृत्त जोरात असेल तर १/५००. लाल आणि जांभळ्या एलईडीत चेहऱ्याचा तपशील जातो, कारण लाल चॅनल भरून वाहतो. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघायची सोय असते, ती लावा.

आणि ताई, भाचीच्या रंगीत तालमीला नक्की जा. जतीच्या (तालाच्या बोलांवरच्या तुकड्याच्या) शेवटी ती कुठल्या मुद्रेवर थांबते, कुठल्या बाजूला वळते ते बघून ठेवा. त्या थांब्याला एक क्षण मिळतो, तेवढ्यात फोटो. गुरूंना आधी विचारून विंगेतून एखाद-दुसरा काढायची परवानगी घ्या. प्रेक्षकांच्या डोक्यावरून सारखं उठबस केलेलं पुढच्या रांगेतल्या आजींना अजिबात आवडत नाही, त्या बोलून दाखवतात.

चौथा_मजला
एडिटिंगवर कोणीच बोलत नाहीये. माझं मत: फोटो जसा आला तसा टाका. ते केशरी आकाश आणि निळी माणसं बघून वीट आलाय.

जुना_रोल
वीट मलाही आलाय. पण "जसा आला तसा" असं काही नसतं हो. कॅमेरा जेपीईजी देतो तेव्हा रंग, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस त्याने आपल्या मनाने लावलेला असतो. आम्ही अंधाऱ्या खोलीत प्रिंट काढताना एखाद्या भागावर हाताची सावली धरून उजेड कमी द्यायचो, आकाशाला जास्त द्यायचो. ते एडिटिंगच होतं.

वारीचं घ्या. पालखी पुण्यात येते तेव्हा पांढऱ्या कपड्यांनी चौकट भरते. कॅमेरा पांढऱ्याला राखाडी करून टाकतो, त्याला वाटतं उजेड फार झाला. मी अधिक ०.७ देतो, आणि कमी पडलं तर घरी येऊन वाढवतो. ते धोतर माझ्या डोळ्यांना पांढरंच दिसलं होतं. फोटोत नसलेला माणूस घालणं, असलेला काढणं, तिथे मी थांबतो. प्रत्येकाने आपली रेघ ठरवावी.

लाल_दिवा
मी छपाईच्या धंद्यात आहे, लोकांच्या फाइली रोज उघडते. त्यावरून सांगते.

पहिले दोन-तीन महिने रॉ (कॅमेऱ्याने न रंगवलेली मूळ फाइल) आणि जेपीईजी दोन्ही साठवा. जेपीईजी घरच्यांना पाठवायला, रॉ शिकायला. सॉफ्टवेअरला पैसे घालवू नका. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट आहेत. पुढे जायचं तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी, तीही फुकट. डार्कटेबल उघडल्यावर पहिल्या दिवशी घाबरायला होतं, बटणं फार. फोनवरच्या जेपीईजीला स्नॅपसीड भरपूर झालं.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी निवड. दोनशे फोटोंतले वीस ठेवा, बाकीच्यांना हात लावू नका. एडिटिंगमध्ये वेळ जातो तो नको ते फोटो वाचवण्यात. मग चौकट सरळ करा. वाड्याचे खांब, दाराच्या चौकटी तिरप्या असतील तर डोळ्याला टोचतं. मग व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती). समईच्या किंवा पिवळ्या बल्बच्या उजेडातला फोटो पार पांढरा करू नका, थोडा पिवळेपणा राहू द्या, नाहीतर देवघराचा दवाखाना होतो. त्यानंतर एक्स्पोजर, हायलाइट थोडे खाली, सावल्या जरा वर. सावल्या शंभरपर्यंत ओढल्या की दाणे वर येतात आणि फोटो राखेत लोळल्यासारखा दिसतो.

गुलालाच्या फोटोंना एक खास रोग. गुलाबी-लाल इतका भडकतो की उधळलेली भुकटी न दिसता सपाट ठिगळ दिसतं. सगळा फोटो फिका करू नका, फक्त लाल आणि मॅजेंटाचं सॅच्युरेशन कमी करा. भुकटीचे कण परत दिसतात. स्किन स्मूदिंग नावाचं बटण दिसेल, ते दिसलंच नाही असं समजा.

प्रिंटला द्यायची फाइल एसआरजीबीमध्ये (रंगांच्या नेहमीच्या पद्धतीत), पूर्ण आकाराची द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबून बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि एडिट करताना स्क्रीनची ब्राइटनेस निम्म्यावर ठेवा. फुल ब्राइटनेसवर छान दिसलेले फोटो कागदावर काळेकुट्ट येतात, आणि मग लोक मशीनला दोष देतात.

वेलदोडा
तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. वाचनखूण साठवली आहेच, नवऱ्यालाही वाचायला लावलं.

कॅननचा वापरलेला २००डी मार्क २ बघितलाय, १८-५५ सोबत, बिलासकट. शनिवारी दिवसा बघायला जातेय, टॉर्च घेऊन. जमलं तर ५० एफ १.८ नवी आणि ५५-२५० वापरलेली. हिशोब साठच्या आत बसतोय. मिरवणुकीआधी सरावाला कुठे जाऊ?

दोनशेपन्नास
बरी निवड. त्याच्या लाइव्ह व्ह्यूत (मागच्या स्क्रीनवर बघून काढताना) डोळा ओळखणारा फोकस आहे, भाचीला काम येईल. व्ह्यूफाइंडरमधून मात्र तो चालत नाही, हे लक्षात ठेवा.

जुना_रोल
पाताळेश्वर. जंगली महाराज रस्त्यावरच, आठव्या शतकातलं लेणं. बाहेरच्या गोल नंदीमंडपाला ऊन, आतल्या खांबांत अंधार. एफ १.८, ५.६ आणि ११ असा एकाच खांबाचा फोटो काढून घरी शेजारी ठेवून बघा. पुरातत्त्व खात्याच्या वास्तू आहेत, पाताळेश्वर काय किंवा शनिवारवाडा काय, ट्रायपॉडला परवानगी लागते. हातानेच काढा.

पहिलं_टिपरू
नाहीतर आत्ताच चला नदीपात्रात. पथकांचे सराव संध्याकाळी चालू असतात. गुलाल नाही, गर्दी नाही, वादकांना फोटो हवेच असतात. पथकप्रमुखांना विचारून उभ्या राहा. कानात कापूस घाला.

वेलदोडा
हे भारी आहे! शेवटचा प्रश्न: पावसाळा अजून आहे, कॅमेरा ठेवू कुठे? घरात ओल आहे, चपलांवरसुद्धा बुरशी येते.

लाल_दिवा
त्याच्या पिशवीत तर अजिबात नको, कपाटात त्याहून नको. पिशवीचं कापड ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रता मोजायचा काटा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहायला हवा, फार कोरडंही चांगलं नाही. आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरा. एसीतून बाहेर दमट हवेत गेलात तर लगेच लेन्स काढू नका, आत दव धरतं.

वेलदोडा
सिलिका जेल एकदा ओलं झालं की टाकून द्यायचं का?

लाल_दिवा
नाही. रंग बदलणारं घ्या. केशरीचं हिरवं झालं की ओव्हनमध्ये ट्रेवर पसरून १२० अंशाच्या आसपास तास-दोन तास तापवा, परत केशरी होतं. निळे मणी मिळाले तर ते घेऊ नका. त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, स्वयंपाकघरातल्या भांड्यात किंवा ओव्हनमध्ये तापवायचं ते काम नाही.